पेशीला पाय टेकायला जागा लागते

पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. पण शरीरातून वेगळी काढलेली पेशी काचेवर जगते कशी? या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ 80 वर्षे लागली.

1907 मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतीचा तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवला. त्यातून तंतू वाढताना त्यांना दिसले. 1914 मध्ये त्यांनी चक्क कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून दाखवले की पेशीला पुढे सरकायला घन आधार लागतो. नुसते द्रव पुरत नाही.

मग आधार कशाचा द्यायचा? 1956 मध्ये एहरमन आणि जॉर्ज गे यांनी उंदराच्या शेपटीतून काढलेल्या कोलॅजेन या प्रथिनाचा थर काचेवर दिला. त्यावर पेशी चांगल्या वाढल्या. हेच ते गे, ज्यांच्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या घेताना तिला कोणी विचारले नव्हते.

खरे तर पेशी काचेला धरतच नाही, काचेवर बसलेल्या प्रथिनाला धरते. असेच एक प्रथिन म्हणजे फायब्रोनेक्टिन. त्यात दोन हजारांहून अधिक अमिनो आम्ले असतात. 1984 मध्ये पियर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी दाखवले की पेशीची पकड त्यातल्या मोजक्या आम्लांवर बसते. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल हे तिघे त्यात मुख्य. पकडणाऱ्या हाताला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला, 1986 मध्ये ‘इंटेग्रिन’ हे नाव मिळाले.

हा प्रश्न केवळ काचेच्या बशीपुरता नाही. आपल्या अवयवांच्या अस्तरातील पेशींचा आधार सुटला की त्या स्वतःहून मरतात. 1994 मध्ये या मरणाला ‘अनोइकिस’ असे ग्रीक नाव दिले गेले. अर्थ सोपा आहे: बेघर होणे. कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र हा नियम मोडतात. घर सुटले तरी त्या मरत नाहीत, रक्तातून दूर जातात आणि दुसऱ्या अवयवात बिऱ्हाड थाटतात. कर्करोगाचे बहुतेक बळी या पसरण्यामुळेच जातात. म्हणून पेशी कशाला धरते आणि कधी सोडते, याचा अभ्यास आजही थांबलेला नाही.