गणेशखिंडींतील लाटसाहेबांचें घर

विलायतेंतील उमराव गांवाबाहेर विस्तीर्ण उपवनांत जीं घरें बांधीत, त्यांचा महाराष्ट्रांतील नमुना पाहावयाचा तर पुण्यास गणेशखिंडींत जावें. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं दापोडीचें जुनें निवासस्थान सोडून १८६४ सालीं येथें बांधकाम आरंभिलें. तो काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेंत यादवी माजल्यामुळें आमच्या मालेगाव-वाशीमकडील कपाशीसही मँचेस्टरांत मान आला होता. तेजी १८६५ त बसली. घर मात्र वाढतच राहिलें आणि १८७१ त पुरें झालें. तोंवर फ्रियरसाहेब स्वदेशीं गेलेही होते. खर्चाबद्दल पार्लमेंटांत टीका झाली. भार पडला तो येथील रयतेवर.

इटालियन धाटणीच्या मनोऱ्याचें कौतुक सारेच करितात. आम्हांस त्याहून बोलकें वाटतें तें स्वयंपाकघराकडून भोजनगृहाकडे जाणारें भुयार. अन्न यावें, पण आणणारा दिसूं नये!

२२ जून १८९७ रोजीं राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथेंच झाला. तेथून रात्रीं परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांजवर चाफेकर बंधूंनीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड ३ जुलैस.

१९४९ त पुणें विद्यापीठ स्थापन झालें व ही वास्तु त्याच्या वांट्यास आली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु. २०१४ पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. लाटसाहेबांच्या आमंत्रणावांचून जेथें पाऊल टाकतां येत नसे, तेथें आतां आमच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या मुलीही शिकावयास जातात.