टाकाऊ ठरलेल्या लहरींचं कूळ

१९१२ साली अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि हौशी मंडळींची सोय एका कोपऱ्यात लावून टाकली. दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरी तुमच्या. बाकीच्या सरकारच्या, आरमाराच्या, कंपन्यांच्या. वाटणीत खडकाळ तुकडा धाकट्याच्या नावावर चढवावा, तसा हा प्रकार होता. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असं त्या काळच्या जाणकारांचं पक्कं मत होतं. मार्कोनीने डिसेंबर १९०१ मध्ये कॉर्नवॉलहून न्यूफाउंडलंडपर्यंत संदेश पोचवला, तेव्हापासून सगळी धाव लांब लहरींकडेच होती. १ जानेवारी १९२६ रोजी इंग्लंडमध्ये रग्बीचं केंद्र सुरू झालं, तिथे ही धाव टोकाला पोचली. लहरीची लांबी पावणेएकोणीस किलोमीटर, ८२० फुटांचे बारा मनोरे आणि साडेतीनशे किलोवॉटची ताकद!

पण हे केंद्र उभं राहायच्या आधीच खडकाळ तुकड्यात पीक आलं होतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये कनेक्टिकटमधले दोन हौशी, फ्रेड श्नेल आणि जॉन रायनार्ट्झ, फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन देलॉय यांच्याशी अटलांटिक ओलांडून मोर्समध्ये बोलले. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, असा दुतर्फा संवाद झाला. लहर होती ११० मीटरच्या आसपासची. ज्यांना उरलंसुरलं मिळालं होतं, त्यांनीच ही वाट शोधली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे घडलं कसं? पृथ्वीभोवती विद्युतवाहक थर असावा असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्येच केला होता. इंग्लंडमध्ये ॲपलटनने १९२४ च्या डिसेंबरात तो थर प्रयोगाने सिद्ध केला आणि १९४७ साली त्याला नोबेल मिळालं. सूर्याची किरणं उंचावरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या या सुट्या इलेक्ट्रॉनांच्या थरातून आखूड लहर वाकते आणि हजारो किलोमीटर पलीकडे जमिनीवर उतरते. तिथून उसळून पुन्हा वर जाते. लांब लहरी जमिनीला धरून चालतात, म्हणून त्यांना प्रचंड ताकद लागते. आखूड लहरीचं ओझं आकाशच वाहून नेतं.

मार्कोनी हे ओळखण्याइतका धोरणी होता. त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन कॉर्नवॉलमधल्या पोल्डूच्या केंद्रावरून ९७ मीटरची लहर सोडी आणि मार्कोनी आपल्या ‘एलेत्रा’ या नौकेवरून ती दूर समुद्रात ऐके. पण ही लहर रात्रीच लांब पोचायची. दिवसा विरून जायची. सप्टेंबर १९२४ मध्ये नौका बैरूतच्या बंदरात असताना ३२ मीटरची लहर मात्र दिवसभर ऐकू येत राहिली. दिवसा आखूड, रात्री त्याहून लांब, हा नियम तेव्हा हाती आला आणि आजही जगातली बहुतेक शॉर्टवेव्ह केंद्रं आपलं वेळापत्रक त्यावरच बसवतात.

फ्रँकलिनने केलेली रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पावणेतीनशे फुटांहून उंच मनोऱ्यांची एक रांग. त्यांच्या आडव्या भुजांवरून खाली सोडलेल्या उभ्या तारांचा पडदा. त्यामागे परावर्तनासाठी तारांचा दुसरा पडदा. पुढच्या पडद्यातून निघालेली लहर चहूकडे न पसरता एका झोतात ठरलेल्या देशाच्या दिशेने जाते. म्हणून नाव पडलं ‘बीम’. रग्बीच्या ताकदीच्या छोट्याशा हिश्श्यात काम भागलं. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश पोस्टखात्याने मार्कोनी कंपनीशी करार केला आणि साम्राज्यभर अशी केंद्रं उभी राहू लागली: आधी कॅनडा, मग ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि सप्टेंबर १९२७ मध्ये हिंदुस्थान.

हिंदुस्थानचं केंद्र होतं आपल्या पुणे जिल्ह्यात! संदेश सोडायचा तो खडकीहून, झेलायचा तो दौंडला. आपल्याच प्रक्षेपकाच्या गलबल्यात दुरून आलेला क्षीण संदेश बुडू नये, म्हणून दोन्ही जागा एकमेकींपासून लांब ठेवलेल्या. मुंबईच्या व्यापाऱ्याची तार खडकीहून आकाशात जाई आणि इंग्लंडमधल्या लिंकनशरमध्ये उतरे. दौंड म्हटलं की आपल्याला जंक्शन आठवतं आणि खडकी म्हटलं की दारूगोळ्याचा कारखाना. हा वारसा तिथल्या शाळांतल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवा.

१८७० पासून मुंबईला समुद्राखालच्या केबलने विलायतेशी जोडलेलं होतं. बीमचे दर कमी आणि वेग जास्त, त्यामुळे बलाढ्य केबल कंपन्या हवालदिल झाल्या. अखेर १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी या दोन्ही धंद्यांची एकच कंपनी करावी लागली.

गाणी आणि बातम्या या लहरींवर आल्या त्या जरा नंतर. हॉलंडच्या फिलिप्सने १९२७ मध्ये, तर बीबीसीने डिसेंबर १९३२ मध्ये शॉर्टवेव्हवरून परदेशांसाठी प्रसारण सुरू केलं. साम्राज्यासाठी बांधलेली ही वाट साम्राज्याविरुद्धही वापरता येते, हे दाखवलं मुंबईने. २७ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती प्रक्षेपक घेऊन जागा बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं आणि उषाबेनना चार वर्षांची सजा झाली. अडीच महिन्यांचंच हे आयुष्य, पण या लहरींच्या कुळात मी त्याला मानाचं पान देईन.

पुढे नभोवाणी मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली, तेव्हा लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. १९५२ पासून बिनाका गीतमालेने बुधवारची रात्र बांधून ठेवली. ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्या बोटांना अजून ती सवय असेल: २५ मीटरच्या पट्ट्यात बटण केसभर फिरवायचं, शिट्टी बारीक होत थांबली की हात काढून घ्यायचा, आणि आवाज लांब जाऊ लागला तरी बटणाला हात लावायचा नाही, कारण तो आपणच परत येतो. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात; त्यामुळेच ही भरती-ओहोटी.

तार-टेलिफोनचं काम या लहरींकडून काढून घेतलं उपग्रहाने, तेही पुणे जिल्ह्यातच. नारायणगावजवळ आर्वीचं ‘विक्रम’ भूकेंद्र १९७१ साली सुरू झालं. प्रसारणाची गळती मात्र या शतकातली. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले. बीबीसी हिंदी ३१ जानेवारी २०२० ला. शेकडो किलोवॉटचं वीजबिल, मोबाइलकडे गेलेला श्रोता, आणि घराघरात एलईडी दिवे नि चार्जरनी माजवलेली खरखर, अशी तिन्ही बाजूंनी कोंडी झाली.

यावर तोड म्हणून डीआरएम हे डिजिटल तंत्र पुढे आलं. कमी विजेत स्वच्छ आवाज मिळतो, हे खरं. पण घेणारा संच महाग आणि दुर्मीळ. शिवाय लहर क्षीण झाली की डिजिटल आवाज एकदम तुटतो; जुन्या पद्धतीचं बोलणं खरखरीतूनही कळत राहतं. वादळात आणि लढाईत हा फरक जिवाचा असतो, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: डीआरएम जरूर आणा, पण जुने प्रक्षेपक भंगारात काढू नका.

१ मार्च २०२२ रोजी कीव्हच्या टीव्ही मनोऱ्यावर मारा झाला आणि लगोलग बीबीसीने युक्रेनसाठी रोज चार तास शॉर्टवेव्ह सुरू केलं. दुपारी चारनंतर १५७३५ किलोहर्ट्झ, म्हणजे १९ मीटर. रात्री दहानंतर ५८७५ किलोहर्ट्झ, म्हणजे ५१ मीटर. बैरूतच्या बंदरातलाच नियम. पुढच्याच वर्षी सुदान पेटलं, तेव्हा अरबीतही तेच करावं लागलं. केबल कापता येते, इंटरनेट बंद पाडता येतं. ही लहर अडवायची तर तिच्यावर गोंगाट सोडावा लागतो, आणि तोही सगळीकडे पुरत नाही.

व्यापारीही परतले आहेत. शिकागोच्या पश्चिमेला काही वर्षांपूर्वी मोठ्या शॉर्टवेव्ह अँटेना उभ्या राहिलेल्या दिसल्या आणि त्या ताडल्या पुन्हा हौशी मंडळींनीच. काचेच्या तंतूतून प्रकाश हवेतल्या लहरीपेक्षा सुमारे एक तृतीयांश हळू जातो. शेअरबाजाराच्या सौद्यात तेवढ्या अवधीला पैसा आहे. खडकीहून मुंबईकरांचे भाव जसे विलायतेला जात, तसेच हे, फक्त माणसाच्या जागी यंत्र.

पॅसिफिक बेटांचा हिशेब वेगळा. ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही फ्रिक्वेन्सींवर चीनचं प्रसारण ऐकू येऊ लागलं. न्यूझीलंडने मात्र जुना प्रक्षेपक थकल्यावर वाट बंद केली नाही: २०२४ मध्ये रंगिताइकी इथे १०० किलोवॉटचा नवा बसवला. त्यांचं डीआरएम प्रसारण बेटांवरची छोटी केंद्रं झेलतात आणि आपापल्या एफएमवरून घराघरात पोचवतात. ज्यांच्याकडे साधा संच आहे, त्यांच्यासाठी जुनं प्रसारणही चालू आहे.