सात नव्या पैशांचा अंक

भोरच्या स्टँडवर पुण्याची पहिली एसटी लागली की कंडक्टर दारातूनच गठ्ठा खाली सोडायचा. गठ्ठ्याची सुतळी कापायची नाही, गाठ सोडवायची, अशी अण्णांची सक्त ताकीद होती. त्याच सुतळीनं महिनाअखेरीस परतीचे अंक बांधून पाठवायचे असत. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून ती गाठ सोडवत आले. हिवाळ्यात बोटं आखडलेली असायची आणि दवानं सुतळी फुगलेली. गाठ सुटली की अंक मोजायचे, टाकणाऱ्या पोरांच्या वाटण्या लावायच्या, मग शाळा.

अण्णा 'सकाळ'चे एजंट होते. त्यामुळे पेपर म्हणजे आधी पानं आणि किंमत, मग मजकूर, अशीच माझी ओळख झाली. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, रविवारी दहा. रोजचे सात नवे पैसे, रविवारचे बारा. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. सात नवे पैसे म्हणजे जुन्या एका आण्याला थोडे वर, त्यामुळे म्हातारी गिऱ्हाइकं बरेच दिवस 'आण्याचा पेपर' असंच म्हणत.

पुढे पुण्यात कायदा शिकायला गेले. घटनेच्या तासाला सरांनी एक जुना निकाल वाचून यायला सांगितला. वाचनालयात निकालांचा तो जाडजूड खंड उघडला, दोन पानं उलटली आणि थबकलेच. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, सात नवे पैसे. आमच्या ओसरीवरचा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या इंग्रजीत माझ्यासमोर छापलेला होता. रोजचा खप बावन्न हजार, असंही तिथं लिहिलं होतं. त्या बावन्न हजारांत आमच्या भोरचे अंक होते, मी मोजलेले.

तो खटला ज्यांनी लढवला ते नारायण भिकाजी परुळेकर, सगळ्या महाराष्ट्राचे नानासाहेब. जन्म १८९७चा. तत्त्वज्ञान शिकायला ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले. तत्त्वज्ञानाच्या माणसानं एखाद्या कॉलेजात शिकवावं, पण त्यांच्या मनात तिकडची वर्तमानपत्रं भरली होती. १ जानेवारी १९३२ला त्यांनी पुण्यात 'सकाळ' काढला. अंक निघून चार दिवस होत नाहीत तोच गांधीजींना अटक झाली आणि देश पुन्हा सत्याग्रहात उतरला. छापखान्यांकडून जामीन मागण्याचा इंग्रज सरकारचा कायदा वर्षभरही जुना नव्हता. अशा दिवसांत नवा पेपर काढायला छाती लागते.

पुण्यात पेपर नव्हते असं नाही. 'ज्ञानप्रकाश' दैनिक होतं. 'केसरी' दैनिक नव्हता, पण त्याचा दरारा होता. तिथं लोक अग्रलेखासाठी पेपर घेत. नानासाहेबांनी बातमीला पहिलं स्थान दिलं. बाजारभाव, नळाचं पाणी, तालुक्याच्या गावची चोरी, शाळेचं गॅदरिंग, वाचकाचं तक्रारीचं पत्र. त्यांनी गावोगाव बातमीदार नेमले. दिल्लीत कोण काय बोललं हे छापायला कुणीही छापतं. पण आपल्या गावचा पूल खचला हे आपल्याच पेपरात वाचलं की माणसाला वाटतं, आपण मोजले जातो आहोत. माझ्या मते नानासाहेबांचं सगळ्यात मोठं काम हे आहे. १९६१च्या जुलैत पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आमच्या दारात गठ्ठा सुटायच्या आधीच माणसं उभी असत. कुणाची बहीण पुण्यात दिलेली, कुणाचा मुलगा शिकायला ठेवलेला. अंक हातात पडला की आधी पेठांची नावं शोधायचे.

त्याच वर्षी तो खटला चालू होता. त्याची मुळं जुनी. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती राजाध्यक्ष. भांडवलवाले मोठे पेपर कमी पैशांत ढीगभर पानं देऊन छोट्यांना बुडवतात, म्हणून पानांच्या हिशेबानं किंमत बांधून द्या, अशी आयोगाची शिफारस होती. १९५६ला तसा कायदा झाला आणि १९६०ला त्याखालचा आदेश निघाला. अमुक किमतीला आठवड्याला अमुकच पानं. जाहिरातींची जागा ठरवण्याचाही अधिकार सरकारनं कायद्यानं घेतला होता.

अण्णांनी आदेशाची बातमी वाचली आणि वर्गणीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडला. 'सकाळ' सहा दिवसांत चौतीस पानं देत होता. तेवढीच द्यायची तर सातचे आठ पैसे करावे लागणार होते. महिन्याचे सव्वीस अंक, म्हणजे घरटी सव्वीस नवे पैसे जास्त. रविवार धरून महिन्याचं बिल दोन रुपये तीस पैसे होतं, ते दोन छप्पन्न होणार. आज हे हास्यास्पद वाटेल, पण ज्याच्याकडे महिन्याला वसुलीला जावं लागतं त्याला विचारा. आमच्याकडे दोन बिऱ्हाडं मिळून एक अंक घेत. सलूनवाल्याकडचा एक अंक तीस जण वाचत. पैसा वाढला की ही दोनाची जोडी तिघांची होते, हे अण्णांना कुठल्याही आयोगापेक्षा जास्त ठाऊक होतं. किंमत वाढवायची नाही तर पानं कमी करायची. आणि पानं कमी केली तर पहिला कोण जाणार? भोरचा पूल जाणार, दिल्ली राहणार.

नानासाहेबांची कंपनी कोर्टात गेली. मला आजही अप्रूप वाटतं ते याचं की दोन वाचकांनीही वेगळे अर्ज केले होते. वाचायला मिळणारं कमी होतंय, म्हणजे आमचंच काहीतरी हिरावलं जातंय, असं त्यांचं म्हणणं. सरकारची बाजू अशी की आम्ही मजकुराला हातच लावत नाही, हा फक्त धंद्याचा नियम आहे, आणि धंद्यावर लोकहितासाठी बंधनं घालता येतात.

२५ सप्टेंबर १९६१ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायद्यातलं ते कलम आणि तो आदेश रद्द केला. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती मुधोळकरांनी. त्याचा गाभा असा : भाषणस्वातंत्र्य म्हणजे नुसतं लिहिणं नव्हे, लिहिलेलं किती जणांपर्यंत पोचतं तेही त्यातच आलं. किंमत वाढवायला लावून खप खाली आणणं म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज बारीक करणं. भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येतं ते घटनेनं मोजून दिलंय, आणि त्यात धंद्यातला समतोल हे कारण नाही.

छोट्या पेपरांची भीती खोटी नव्हती. अण्णा दोन तालुक्यांपुरती चालणारी काही साप्ताहिकंही विकत, आणि ती कशी मरतात ते आम्ही जवळून पाहिलं. एकाचा संपादक स्वतः गठ्ठा घेऊन यायचा, मग एका महिन्यात यायचा थांबला. त्याला मदत हवीच होती. स्वस्त कागद द्यायचा, टपालाचा दर उतरवायचा, सरकारी जाहिराती द्यायच्या. दुसऱ्याची पानं कापून याचं पोट भरलं नसतं. शिवाय पानं मोजण्याचा अधिकार एकदा सरकारच्या हातात गेला की पुढे ते काय मोजेल याचा भरवसा नाही. नानासाहेब हे ओळखून होते, कारण ते पत्रकार होते तसे व्यावसायिकही. त्यांच्या पेपरात चाळीस टक्के जागा जाहिरातींना जाई. त्या जाहिराती खपावर येतात, खप किमतीवर टिकतो, आणि हा सगळा डोलारा उभा असेल तरच संपादकाला मंत्र्याविरुद्ध लिहिता येतं, कुणा शेठजीकडे हात न पसरता. स्वातंत्र्याची ही व्यवहारी बाजू आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

मी तो निकाल वाचला ते १९७२ साल. ३० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं कागदटंचाईच्या नावाखाली घातलेली दहा पानांची मर्यादा रद्द केली, आणि आधाराला 'सकाळ'चाच निकाल घेतला होता. म्हणून तर सरांनी तो वाचायला लावला. सव्वादोन महिन्यांनी, ८ जानेवारी १९७३ला नानासाहेब गेले.

त्या शनिवारी मी भोरला गेले आणि अण्णांना निकालातले ते आकडे वाचून दाखवले, माझ्या वहीत उतरवून नेलेले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मग फळीवरून जुनी वही काढली, मागच्या पुठ्ठ्यावरची पेन्सिल पुसट झाली होती, तरी दोन छप्पन्न वाचता येत होतं. चष्मा लावून त्यांनी एक-एक आकडा माझ्या वहीशी ताडून पाहिला.