फ्लोट व्हॉल्व्ह नक्की कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीवरून आलो तर खाऱ्या पाण्याच्या टाकीतली पातळी चार बोटं खाली. वाफ पाण्याची होते, मिठाची नाही: १०० लिटरमधले १० गेले की क्षारता ३५ वरून जवळजवळ ३९. म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह बसवला. भर अर्थात गोड्या पाण्याची.

ही युक्ती अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसची मानतात, इ.स.पू. तिसरं शतक. जलघड्याळाला धार एकसारखी हवी, म्हणून पातळी चढली की तरंगता भाग येणारं पाणी अडवायचा. पण गंमत अशी, की त्याचं स्वतःचं लिखाण उरलेलंच नाही. विट्रुव्हिअस वगैरेंच्या वर्णनांवरून नंतरच्या अभ्यासकांनी जुळवलेलं हे अनुमान आहे. (ऑटो मायर यांचं १९७० चं पुस्तक जरूर बघा.) माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात मी बिनधास्त 'क्टेसिबिअसने शोधला' लिहिलं होतं. काल ते वाक्य बदललं.