डॉल्बी, ओहम आणि महाद्वार रोडच्या खिडक्या



आपल्याकडं मिरवणुकीतल्या साउंड सिस्टीमला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्याच्या नावावरनं हा शब्द आला त्या रे डॉल्बीनं 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती आवाज वाढवायला नव्हे, टेपवरची खरखर कमी करायला! पुढं सिनेमा थिएटरांवर डॉल्बीच्या पाट्या लागल्या, दणदणीत म्हणजे डॉल्बी असं लोकांच्या डोक्यात बसलं, आणि ट्रॉलीवरच्या बॉक्सच्या भिंतीला तेच नाव चिकटलं. असो. नावाचं जाऊ द्या, भिंतीचं बोलू.

कोल्हापूर हे मुळात विजेच्या आवाजाचं गाव नव्हे. 1915 साली शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह. (2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं.) तिथं माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं ते गळ्याच्या आणि वास्तूच्या जोरावर. शेजारच्या खासबागेत कुस्तीला हलगी-घुमकं वाजायचं. लांबवर ऐकू जायचं, पण वाजवणाऱ्याचा हात दुखला की थांबायचं. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते.

लाउडस्पीकर आपल्याकडं रुजला तो बोलपटाबरोबर. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ प्रभातनं कोल्हापुरातच केला. त्याच्या सातच वर्षं आधी, 1925 मध्ये, अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी नव्या स्पीकरवर निबंध वाचला होता. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यात करंट गेला की शंकू मागंपुढं हलतो. आज डिकीत बसवता तो बारा इंची सबवूफर म्हणजे तीच कल्पना, फक्त अंगानं वाढलेली.

आता ओहमचं. त्या काळचे अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे. त्यांना मागं ट्रान्सफॉर्मर असायचा आणि त्यावर 4, 8, 16 अशा खुणा. स्पीकर जितक्या ओहमचा, तितक्याच्या खुणेवर तार लावायची. ‘मॅचिंग’ हा शब्द तिथला. मग ट्रान्झिस्टर आला आणि हिशोब बदलला. हा अॅम्प्लिफायर साधारण ठरावीक व्होल्टेज देतो. समोरचा ओहम जेवढा कमी, तेवढा करंट जास्त ओढला जातो. विहिरीवरच्या मोटरीवर लोड वाढला की ती जादा अॅम्पियर ओढते आणि शेवटी वाइंडिंग जळतं, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथंही तसंच. 4 ओहमला तयार केलेल्या अॅम्प्लिफायरवर 1 ओहमचा लोड टाकला की सुरुवातीला लय भारी वाजतं, मग वास येतो.

गाडीतले स्पीकर 4 ओहमचे का, घरातले बहुधा 8 चे का? कारण बॅटरी. इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्टच्या आसपास मिळतात. त्यावर थेट चालणारा डेक, अगदी दोन्ही बाजूंनी ढकलला तरी, 8 ओहमला कागदावर 13 वॅट देतो आणि 4 ओहमला 26. म्हणून गाडीवाल्यांनी 4 धरलं. त्याहून जास्त हवं तर अॅम्प्लिफायरच्या आतच व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि तो करंट बॅटरीतनंच येतो. खरोखर सलग 1000 वॅट द्यायचे तर चांगला क्लास डी अॅम्प्लिफायरसुद्धा 90 अॅम्पियरच्या घरात ओढणार. साध्या गाडीचा अल्टरनेटरच जवळपास तेवढ्याचा. गाण्याच्या ठेक्यावर हेडलाइट मंदावतात ते याच कारणानं. पोरं त्यालाही नाद खुळा म्हणतात, तो भाग वेगळा.

दोन कॉइलचा सबवूफर घेतलात, प्रत्येक कॉइल 4 ओहम, तर समांतर जोडल्यावर 2, एकामागं एक जोडल्यावर 8. असे दोन सबवूफर सगळे समांतर जोडले की 1. आधी अॅम्प्लिफायर किती ओहमपर्यंत चालतो ते वाचायचं, मग सबवूफर निवडायचा. आपल्याकडं नेमकं उलटं होतं.

वॅटचा घोळ तर जुनाच. नव्वदच्या दशकातले टेप आठवा, तळहाताएवढा स्पीकर आणि वर ‘पीएमपीओ 1000 वॅट’! अमेरिकेत अशा थापांवर 1974 मध्येच नियम आला, पण तो घरातल्या अॅम्प्लिफायरसाठी. गाडीच्या अॅम्प्लिफायरसाठी तिथल्या उत्पादकांनी 2003 मध्ये मानक केलं: 14.4 व्होल्ट, 4 ओहम, आणि विकृती एक टक्क्याच्या आत. तेही ऐच्छिक. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, ‘आरएमएस’ लिहिलेला बघा. आणि छोटा अॅम्प्लिफायर घेतला म्हणजे सबवूफर वाचला, असंही नाही. अॅम्प्लिफायर मर्यादेपुढं रेटला की लाटेचं टोक कापलं जातं, आणि पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेच्या दुप्पट शक्ती असते. 500 वाला मग हजाराच्या जवळ जातो आणि कॉइल भाजते.

हीच विद्या गाडीच्या डिकीतनं ट्रॉलीवर गेली, जनरेटर लागला, आणि हात दुखण्याची मर्यादा संपली. पापाची तिकटी ते महाद्वार रोड, दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी मिरवणूक, आणि दोन्ही अंगाला जुनी घरं.

कायदा आहे. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा 10 नं जास्त किंवा 75, यातलं जे कमी ते. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं रात्री दहा ते सकाळी सहा बंदी पक्की केली. 2017 च्या सुमारास आपल्याकडं ‘डॉल्बीमुक्त’ची मोठी मोहीम झाली, कित्येक मंडळं पारंपरिक वाद्यांकडं वळली. ते चांगलं झालं, पण टिकलं किती ते तुम्हीच बघताय.

पण या नियमात एक फट आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हे सगळे आकडे ‘डीबी-ए’ मध्ये आहेत. ही ‘ए’ मोजणी 1930 च्या दशकात हळू आवाज कानाला कसा लागतो त्यावरनं बेतलेली. तीत खर्जाचे आवाज जवळपास वजा होतात. 50 हर्ट्झचा स्वर खरा 100 डेसिबल असला तरी ए-मीटरवर 70 च दिसतो. ट्रॉलीसमोर उभं राहिलात तर मीटर तसाही मर्यादा ओलांडतो, तिथं वाद नाही. पण दोन गल्ल्या सोडून, खिडक्या बंद केलेल्या खोलीत काय होतं? भिंत वरच्या पट्टीचा आवाज अडवते, खर्ज आत सोडते. तावदानं थरथरतात, झोपलेलं बाळ दचकतं, म्हातारा माणूस छातीवर हात ठेवून बसतो. आणि मीटर सांगतो, फार काही नाही.

डॉल्बीवाल्या पोरांवर माझा राग नाही. कर्ज काढून बॉक्स घेतलेत त्यांनी, आणि सुपारी देणारी मंडळं आपलीच. पण चांगल्या मीटरवर ‘ए’ शेजारी ‘सी’ असं एक बटण असतं, ते खर्ज बऱ्यापैकी मोजतं. यंदा शांतता समितीच्या बैठकीला जाणाऱ्यांनी एवढंच विचारा: महाद्वार रोडवर एक नोंद ‘सी’वर आणि एक नोंद कुणाच्या तरी घरात बसून घेणार का?