पॅरिसमधला वाघ आणि गंगेतली सुसर

१/ सन १८३१. पॅरिसच्या ‘सालोन’ या प्रतिष्ठित कलाप्रदर्शनात एक शिल्प मांडले गेले : गंगेतल्या लांब जबड्याच्या सुसरीला फाडणारा वाघ. त्यात ना देव होता, ना राजा, ना वीरपुरुष. शिल्पकाराने गंगा पाहिली नव्हती आणि रानातला वाघही. मग हा वाघ आला कुठून? #थ्रेड

२/ शिल्पकार होता आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५). सोनाराचा मुलगा. धातूवरील कोरीवकाम तो लहानपणीच शिकला आणि पुढे कित्येक वर्षे एका सोनाराकडे काम करत राहिला. बारीक कामाची सवय त्याला तिथेच जडली.

३/ त्याची खरी शाळा मात्र ‘जार्दें दे प्लांत’ या उद्यानातील प्राणिसंग्रहालय. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये ते उभे राहिले. व्हर्सायच्या राजेशाही संग्रहातील उरलेसुरले प्राणी तिथे आणले गेले. दूरदेशींचे वाघ-सिंह पॅरिसकरांना पिंजऱ्यात दिसत, ते इथे.

४/ चित्रकार देलाक्रवा हा बारीचा सोबती. दोघे पिंजऱ्यांसमोर बसून रेखाटने करीत. एकदा तेथील सिंह मेला, तेव्हा देलाक्रवाने बारीला तातडीने बोलावून घेतल्याची चिठ्ठी प्रसिद्ध आहे. जिवंतपणी जे मोजता येत नसे, ते मेल्यावर मोजता येई : हाडांची लांबी, स्नायूंची ठेवण, सांध्यांची वळणे.

५/ युरोपीय शिल्पात सिंह नवा नव्हता. पण तो बहुधा सिंहासनापाशी किंवा राजचिन्हावर असे; कुणाच्या तरी पराक्रमाची खूण म्हणून. बारीच्या वाघाला भूक आहे, वजन आहे. तो दुसऱ्या कुणाचे प्रतीक नाही.

६/ राजकारणाने मात्र हे फार काळ टिकू दिले नाही. १८३३ च्या सालोनमध्ये बारीने सापाला पंजाखाली दाबणारा सिंह मांडला. १८३० च्या जुलै क्रांतीने लुई-फिलिप गादीवर आला होता. लोकांनी सिंहात नवी राजवट पाहिली आणि सापात तिचे शत्रू.

७/ ओतारी ओनोरे गोनों याने हा सिंह मेण वितळवून ओतण्याच्या पद्धतीने ब्राँझमध्ये उतरवला. आपल्या जुन्या ग्रंथांतील ‘मधूच्छिष्ट विधान’ ते हेच. १८३६ मध्ये सिंह त्विलरीच्या राजोद्यानात बसवला गेला. पिंजऱ्यातून सुटलेले जनावर पुन्हा राजाच्या दारी आले!

८/ राजपुत्राच्या भोजनमेजासाठी बारीने शिकारीची शिल्पे केली. त्यांपैकी एकात हत्तीवर बसलेले भारतीय शिकारी वाघांशी झुंजतात. १८३७ च्या सालोनने ती नाकारली : हे सोनारकाम, शिल्पकला नव्हे! ज्या हातोटीने तो घडला, तीच आता त्याची उणीव ठरली.

९/ मग त्याने घरात ठेवण्याजोगी छोटी ब्राँझ शिल्पे विकायला काढली. १८४८ मध्ये दिवाळे निघाले. साचे हातचे गेले आणि ते परत मिळायला जवळपास दशक लागले. मधल्या काळात, १८५४ मध्ये, त्याच प्राणिसंग्रहालयाशी जोडलेल्या निसर्गेतिहास संग्रहालयात तो प्राणिचित्रणाचा प्राध्यापक झाला. तिथे त्याच्याकडे शिकलेला एक मुलगा म्हणजे ऑग्युस्त रोदँ.

१०/ बारीने वाघ-सिंहांना राजांच्या सावलीतून बाहेर काढले, असे कलेतिहास सांगतो. ते खरेच आहे. पण तो ज्यांच्याकडून शिकला, ते प्राणी आपल्या रानापासून दूर गजांआड जगले आणि मेल्यावर मापे देऊन गेले. ब्राँझमधला मोकळेपणा कैदेतल्या देहांवरून घेतलेला आहे. बारीचे कौतुक करताना हा हिशेबही मांडायला हवा.

११/ तो वाघ आणि तो सिंह, दोन्ही आज लूव्र संग्रहालयात आहेत. आणि सुसर? ती आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. तिचा सर्वांत मोठा आसरा आता चंबळ नदी. लूव्रला गेलात तर वाघाकडे पाहाच, पण क्षणभर त्याच्या पंजाखालच्या सुसरीपाशीही थांबा. ती आपल्याकडची आहे.