सामना कोणाशी लावायचा? फिक्स्चरच्या यादीतून इतिहास कसा वाचायचा

खेळाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की आपण आधी स्कोअरकार्ड शोधतो. कोण जिंकलं, किती धावांनी, कोणी किती विकेट काढल्या. पण स्कोअरकार्डच्याही आधी एक कागद तयार झालेला असतो, तो म्हणजे सामन्यांची यादी. कोणाला आव्हान पाठवलं, कोणी ते घेतलं, मैदान कोणाचं, खर्च कोणाचा. माझं म्हणणं असं की समाजाच्या इतिहासासाठी हा कागद निकालाइतकाच बोलतो, कधी कधी जास्तच.

हा प्रश्न आजही जिवंत आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक कॉलेज एका गटात असतं आणि गटातले सामने ठरलेले असतात. गटाबाहेरचे सामने मात्र कोचने फोन करून जमवायचे. मधल्या फळीतल्या संघाची इथे पंचाईत होते. मोठ्या संघाला हरवल्याशिवाय नाव होत नाही आणि मार्चमधल्या स्पर्धेचं दार उघडणं अवघड जातं. पण मोठा संघ याच्या मैदानावर यायला तयार नसतो. जिंकला तर त्याला विशेष काही मिळत नाही, हरला तर नाचक्की. मग तो म्हणतो, पैसे घ्या आणि तुम्हीच आमच्याकडे या. निवड समितीच्या हिशोबातही परक्या मैदानावरच्या विजयाला घरच्या विजयापेक्षा जास्त वजन आहे. थोडक्यात, दुबळ्याला सामना हवा असतो आणि बलवानाला तो टाळायचा असतो.

आता हेच सूत्र घेऊन एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्यात या. तेव्हा ना लीग होती, ना रणजी. सगळेच सामने 'गटाबाहेरचे', म्हणजे पत्रव्यवहार करून, ओळखीपाळखीने जमवलेले. पारशी मंडळी यात सर्वांच्या पुढे. १८७७ साली त्यांचा युरोपियनांशी सामना झाला. १८८६ मध्ये पारशी संघ इंग्लंडला गेला. २८ सामने खेळला, १९ हरला, फक्त एक जिंकला. दोन वर्षांनी दुसरा संघ गेला, त्याने ३१ पैकी ८ जिंकले आणि ११ गमावले. नुसते आकडे पाहिले तर ही पराभवाचीच कहाणी वाटते. पण त्या पराभवांतून एक गोष्ट कमावली गेली: यांच्याशी सामना लावता येतो, ही मान्यता. १८९० मध्ये व्हर्नन यांचा इंग्लिश संघ मुंबईत आला तेव्हा पारशांनी त्याला हरवलं. १८९२ पासून पारशी विरुद्ध युरोपियन हा प्रेसिडेन्सी सामना दरवर्षीचा झाला. हौसेने मागावा लागणारा सामना कॅलेंडरवर आला.

मैदानाचं काय? तेही भांडूनच. युरोपियनांचा पोलो आणि एतद्देशीयांचं क्रिकेट एकाच मैदानावर चाले आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडे. यावर पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात हा झगडा लिहून ठेवला आहे. आर्काइव्हमध्ये काम करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट टिपावी: सामन्याची कागदपत्रं 'खेळ' या फाइलमध्येच मिळतील असं नाही. ती जमीन, लष्कर, नगरपालिका अशा फायलींत दडलेली असतात.

आता पुण्याकडे वळू, कारण या लेखातला खरा पेच तिथे आहे. पळवणकर बाळू, जन्म १८७६, धारवाडचा. आडनावात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं पालवण गाव. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातलं घर. पुण्याच्या युरोपियन क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीची देखभाल करत आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकत. त्या काळचे नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग तासन् तास त्यांच्यासमोर सराव करत. म्हणजे युरोपियनांच्या मैदानावर बाळू रोज असत, पण त्यांच्या संघात कधीच नाही.

पुण्यातल्या हिंदू संघाला याच युरोपियनांना हरवायचं होतं. सवर्ण खेळाडूंपुढे प्रश्न उभा राहिला: या डावखुऱ्या गोलंदाजाला घ्यायचं की नाही? घेतलं. पण कसं, ते बघा. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाची पंगतही वेगळी. त्यांच्याच गोलंदाजीवर पुणेकरांनी युरोपियन क्लब आणि साताऱ्याच्या जिमखान्यासारखे संघ हरवले, पण पंगत तशीच राहिली.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. संघात बाळू होते, धाकटे भाऊ शिवरामही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या विजयावर लिहिताना भर दिला तो जातीची बंधनं सैल होण्यावर. पुढच्याच वर्षी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, १९१२ पासून चौरंगी. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेला पहिला अखिल भारतीय संघ २३ पैकी १५ सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या.

इथे घाईने निष्कर्ष काढायचा मोह होतो: क्रिकेटने जात मोडली. थीसिसमध्ये असं वाक्य लिहिलंत तर गाईड लाल पेन काढणारच, आणि ते बरोबरच असेल. पुरावा काय म्हणतो ते नीट पाहा. बलवान प्रतिस्पर्ध्याशी सामना लावला की जिंकण्याची गरज निर्माण होते, आणि ती गरज गुणी माणसासाठी दार उघडते. पण ते दार बाउंड्रीपर्यंतच. यादी कोण करणार, कॅप्टन कोण होणार, हे कमिटीच्या खोलीत ठरत होतं आणि तिथे जिंकण्याची गरज पुरी पडत नव्हती. इतकी वर्षं संघाचा कणा असूनही बाळूंना हिंदू संघाचं कप्तानपद रीतसर मिळालं नाही. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं आणि त्यांच्या भावांना डावलून दुसऱ्याला कप्तान केलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल कॅप्टन झाले, तेव्हा बाळूंची कारकीर्द सरली होती. विठ्ठल यांचं १९४८ चं मराठी आत्मचरित्र, 'माझे क्रीडा-जीवन', ही सगळी बाजू आतून सांगतं. इंग्रजी वर्तमानपत्रांवरच विसंबणाऱ्याला ती कळणार नाही.

म्हणून कुठलीही सामन्यांची यादी हातात आली की हे चार प्रश्न विचारा. एक, सामना मागितला कोणी? दोन, मैदान कोणाचं? तीन, खर्च कोणी उचलला? चार, हरलं तर कोणाचं काय जाणार होतं? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण सत्ता कुठे आहे ते तिथे दिसतं. आणि मग पाचवा, माझ्या पदरचा: चहा कोणी कुठे प्यायला?

यासाठी लंडनच्या ग्रंथालयात जायला हवं असं नाही. मे महिन्यात आमच्या मांडवीपासून आतल्या वाड्यांपर्यंत कबड्डीच्या आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. चाकरमानी मुंबईतही गावाच्या नावाने संघ उतरवतात. त्यांची हँडबिलं, प्रवेश फीच्या पावत्या, मंडळांची इतिवृत्तं घराघरातल्या ट्रंकांत पडून आहेत. स्पर्धा 'खुली' की 'गावापुरती', कोणत्या वाडीचा संघ कधी पहिल्यांदा बोलावला गेला, बक्षीस कोणाच्या हस्ते, हे सगळं त्यात असतं. पावसाळ्यात वाळवी लागायच्या आत ते वाचायला हवं. एम.ए.च्या प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी आधी ओळखीच्या एखाद्या मंडळाच्या सेक्रेटरींना भेटावं आणि जुन्या सामन्यांची वही मागावी.